सोळा जीबी आणि एक शेजारी

सोळा जीबी मेमरीचा लॅपटॉप घेतला की त्याच्यासोबत नवा शेजारी घ्यावा लागतो, हे मन्मथअप्पा शेट्यांना बार्शीतल्या दुकानात गेल्यावर कळलं. शेजारी नको असेल तर मेमरी आठ जीबीचीच मिळते. मधलं काही नाही.

अप्पांना त्यात नवल वाटलं नाही, राग तेवढा आला. त्यांचा छपाईचा धंदा होता. पूर्वी लग्नपत्रिका आणि वास्तुशांतीची कार्डं, आणि गेली दहा-बारा वर्षं मुख्यतः फ्लेक्स. फ्लेक्स म्हटला की चेहरे आले. वर एक मोठा चेहरा आणि खाली शुभेच्छुकांचे लहान. त्या लहान चेहऱ्यांतला एक जरी गळला तरी दुसऱ्या दिवशी तो चेहरा दुकानाच्या पायरीवर हजर. यंदा भैरवनाथाच्या यात्रेचा बारा बाय वीसचा फ्लेक्स अप्पांकडे आला होता आणि त्यावर चौसष्ट शुभेच्छुक होते. अप्पांचा जुना आठ जीबीचा लॅपटॉप तेविसाव्या चेहऱ्याला अडकायचा. तेविसावा चेहरा दूध डेअरीच्या चेअरमनचा होता, त्यामुळे तो गाळून पुढे जायचीही सोय नव्हती.

दुकानात काउंटरला पोपळे नावाचे गृहस्थ होते. खिशाला दोन पेनं आणि बोलणं पोस्टाच्या खिडकीतल्यासारखं.

"मला फक्त मेमरी वाढवून द्या," अप्पा म्हणाले. "बाकी आहे तसं राहू द्या."

"फक्त मेमरी येत नाही. 'उत्तम' पॅकेज घ्यावं लागेल. त्यात मेमरी सोळा, कीबोर्डला दिवे आणि शेजारी."

"दिवे नकोत. मी उजेडात काम करतो."

"दिवे विझवता येतात."

"आणि शेजारी?"

"तो विझवता येत नाही."

अप्पांनी खुर्ची ओढून घेतली. घासाघीस उभ्यानं करायची नाही, हा त्यांचा जुना नेम होता. "शेजारी आहे मला. चांगला चालू स्थितीत आहे."

"तो कंपनी घरून उचलून नेईल. त्याचे पैसे लागत नाहीत."

"बत्तीस जीबी घेतली तर?"

"ते 'सर्वोत्तम'. त्यात अख्खी गल्ली नवी मिळते. चौसष्टमध्ये तालुका बदलून मिळतो, पण तो ऑर्डर देऊन मागवावा लागतो. तीन आठवडे."

"असं करा, आठचाच द्या. वरची मेमरी मी बाहेरून टाकून घेतो."

"मेमरी आत डाग देऊन बसवलेली असते. काढता येत नाही, घालताही येत नाही."

"पूर्वी स्क्रू असायचे."

"पूर्वी शेजारीही सुटे मिळायचे," पोपळे म्हणाले, आणि त्यांनी माहितीपत्रक पुढे सरकवलं. त्यात नव्या शेजाऱ्याचा फोटो होता. श्री. अनंत गोपाळ सबनीस, निवृत्त भूमापन अधिकारी. वय सदुसष्ट. आवाज चाळीस डेसिबलपर्यंत. पहाटे पाचला उठतात. वर्तमानपत्र नेल्यास घडी घालून परत करतात. हमी तीन वर्षे.

ही रीत अप्पांना नवी नव्हती. त्यांचे मामा सोलापुरात किराणा दुकान चालवायचे. टंचाईच्या दिवसांत रवा मागायला कुणी आलं की मामा आधी विचारायचे, "खराटे किती देऊ?" किलोमागे एक खराटा. एका वकिलांच्या मुलीच्या लग्नात लाडू झाले आणि वकिलांच्या घरी एकोणीस खराटे जमले. वकील हुशार, त्यांनी ते पुढच्या सगळ्या लग्नांत आहेर म्हणून काढले. अप्पाही शंभर पत्रिकांच्या गळ्यात शंभर पाकिटं बांधायचे आणि कुणी नको म्हटलं तर विचारायचे, पाहुण्यांना पत्रिका उघडी देणार का? तेव्हा तक्रार करायला त्यांना तोंड नव्हतं. पण मामांच्या दुकानातून नवा खराटा घेतला म्हणून घरातला जुना खराटा कुणी उचलून नेत नव्हतं.

त्यांचा जुना शेजारी म्हणजे बलभीम रणशूर. अप्पांच्या घराच्या पश्चिमेला रस्ता होता, त्यामुळे शेजारी म्हणावा असा पूर्वेकडचा बलभीम एकटाच. दोन घरांच्या मध्ये तीन फुटांचा बोळ. बलभीम लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा आणि सुपारी नसेल त्या दिवशी दुपारी दोन ते चार घरात रियाज करायचा. अप्पांची शिडी पाच वर्षं त्याच्याकडे होती. अप्पांच्या घराची एक किल्लीही त्याच्याकडे होती. अप्पांचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा अकरा दिवस तोच डबा घेऊन दवाखान्यात यायचा आणि अप्पांना पथ्याचं देऊन त्यांच्या वाटणीचा ठेचा आपण खायचा.

पोपळ्यांनी संगणकात नोंद शोधली. "सध्याचा शेजारी रणशूर बलभीम. बसवल्याची तारीख बावीस एप्रिल अठ्ठ्याण्णव. एकशे पासष्ट लिटरच्या फ्रिजसोबत आलेला. हमी संपली आहे."

"आणि त्याच्या आधी?"

"खांडगे. किंवा खांडके. जुन्या रजिस्टरवरून उतरवलंय, अक्षर पुसट होतं."

अप्पांनी आठवून पाहिलं. कुणी मास्तर होते. एकटेच होते आणि खाणावळीत जेवायचे. यापलीकडे त्यांना काही आठवेना, चेहराही नाही.

"ते कुठे गेले?"

"ते आम्ही नोंदवत नाही."

"बलभीम कुठे जाईल?"

"किरकोळ दुरुस्ती करून 'विद्यार्थी' पॅकेजमध्ये. चार जीबीसोबत. उदगीर, अहमदपूर, जिथून मागणी येईल तिथं."

अप्पांनी मिनिटभर विचार केला. पस्तीस वर्षांच्या व्यापारात ते एक गोष्ट शिकले होते, ती म्हणजे माल आधी ताब्यात घ्यायचा आणि भांडण नंतर दारात करायचं. कागदवाल्यांनी चांगल्या रिमांसोबत डागी रिमं पाठवली, तर अप्पा चांगली उतरवून घ्यायचे आणि डागी टेम्पोतच राहू द्यायचे. हमाल ओरडायचे, पण टेम्पो परत जायचा. इथंही तसंच करू, असं त्यांनी ठरवलं. लॅपटॉप उतरवून घेऊ आणि सबनिसांना टेम्पोतच राहू देऊ. त्यांनी सही केली.

घरी आल्यावर त्यांनी महानंदाबाईंना, म्हणजे पत्नीला, एवढंच सांगितलं की लॅपटॉप घेतला, गुरुवारी येईल. बलभीमला ते काहीच बोलले नाहीत. जे घडणारच नाही ते सांगायचं कशाला, असा त्यांचा हिशेब.

सोमवारी सकाळी बलभीम एक पाकीट घेऊन ओट्यावर आला.

"अप्पा, एवढं वाचून दाखवा. माझा चष्मा तुमच्याकडंच राहिलाय."

अप्पांनी पाकीट उघडलं, कागद पाहिला आणि घसा साफ केला. मध्येच थांबावं तर बलभीम समोर बसलेला. तेव्हा त्यांनी सगळं वाचलं. "महोदय, आपले सध्याचे शेजारी श्री. म. शि. शेटे यांनी 'उत्तम' पॅकेज (सोळा जीबी) स्वीकारल्यामुळे आपणांस येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता उचलून उदगीर येथे बसवण्यात येईल. आपले कुटुंब व वाद्य तयार ठेवावे. उसनवार आधीच निरंक करून घ्यावी, म्हणजे गैरसोय होणार नाही. कळावे."

बलभीमनं कागद परत घेतला आणि चार घड्या घातल्या.

"सही केलीत?"

"केली. पण माझ्या मनात असं होतं की—"

"मला कशासंगं देणार?"

"कशासंगं म्हणजे?"

"तुम्हाला माझ्याऐवजी सोळावाला येतोय. मग मला कितीसंगं देणार?"

अप्पा म्हणाले, "चार."

"चार," बलभीम म्हणाला. "तुमचं जुनं मशीन कितीचं हाय?"

"आठ."

"म्हंजी त्याच्या निम्मा."

"ते तसं मोजत नाहीत बलभीम."

"असंल." तो उठला, चपला घालता घालता थांबला. "तो फ्रिज कुठाय ओ? माझ्यासंगं आलेला?"

"अकरा साली भंगारात दिला."

"मी हाय अजून," बलभीम म्हणाला आणि घरी गेला.

त्या दुपारी दोन वाजले, सव्वादोन वाजले, आणि पलीकडून काहीच ऐकू आलं नाही. महानंदाबाई दाणे भाजत होत्या. त्यांनी गॅस बारीक केला.

"बलभीमभावजींना सुपारी आहे का आज?"

"नाही."

"मग बरं नाही का त्यांना?"

तेव्हा अप्पांनी सगळं सांगितलं. महानंदाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि मी विरजण कुणाकडं मागायचं?"

"सबनीस म्हणून आहेत. भूमापनात होते."

"मग मोजून देतील," महानंदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी गॅस परत मोठा केला.

मंगळवारी अप्पांनी कंपनीला फोन लावला. तिकडच्या बाईंचं बोलणं गोड होतं.

"ऑर्डर रद्द करता येते का?"

"येते ना सर. पण रद्द करण्याची सोय 'सर्वोत्तम'मध्ये आहे."

"म्हणजे रद्द करायला आधी बत्तीस जीबी घ्यावी लागेल?"

"बरोबर सर."

"ती घेतली आणि लगेच रद्द केली तर?"

"गल्ली आधी बदलते सर. रद्द त्यानंतर होतं."

अप्पांनी गल्लीचा विचार केला. गल्लीत एकंदर एकतीस घरं होती आणि त्यांतल्या सव्वीस घरांच्या पत्रिका त्यांनी स्वतः छापल्या होत्या. त्यांनी फोन ठेवला.

बुधवारी बलभीमनं शिडी आणून बोळाच्या तोंडाशी उभी केली. मग किल्ली आणून दिली. मग दोन चादरी, एक ड्रिल मशीन, पंक्चरचा पंप आणि अप्पांच्या लक्षातही नसलेला एक कंदील. एकेक वस्तू ओट्यावर ठेवायचा आणि नाव घ्यायचा, "शिडी," "किल्ली," "कंदील," जसं काही सामान टेम्पोत चढवणारा हमाल मोजून देतो. अप्पा म्हणत राहिले की राहू दे, ड्रिल लागेल तुला. बलभीम म्हणाला, "उदगीरला भिंती कशा असतात कुणास ठाऊक."

गुरुवारी अकराला टेम्पो आला. ड्रायव्हरच्या शेजारी सबनीस बसले होते, मांडीवर वळकटी. मागच्या बाजूला खोकं, आणि खोक्याला टेकून पोपळे, हातात फॉर्म. अप्पा आधीच दारात उभे होते. त्यांनी खोकं स्वतः उतरवून घेतलं, ओट्यावर ठेवलं आणि मग म्हणाले, "बास. बाकीचं परत न्या."

"बाकीचं कोणतं?"

"हे सबनीस. नमस्कार सबनीस, तुमच्याबद्दल काही नाही, पण मला गरज नाही."

"नमस्कार," सबनीस खिडकीतून म्हणाले. आवाज खरोखरच चाळीस डेसिबलच्या आत होता.

"लॅपटॉप चालू करून बघा," पोपळे म्हणाले.

अप्पांनी खोकं फोडलं आणि लॅपटॉप चालू केला. पडद्यावर अक्षरं आली: 'शेजारी आढळला नाही. मेमरी आठ जीबी.'

"मग हाही परत न्या," अप्पा म्हणाले.

"खोकं फोडलंत," पोपळे म्हणाले. "आता परत घेता येत नाही."

डागी रिमं टेम्पोत ठेवायची रीत पस्तीस वर्षांत पहिल्यांदा अप्पांना उलटी पडली होती. ते ओट्यावर बसले. पोपळे त्यांना टाळून बलभीमच्या घराकडे वळले. बलभीम, त्याची बायको कौसल्या, दोन बॅगा आणि क्लॅरिनेटची पेटी असं सगळं उंबऱ्याशी तयारच होतं. सबनीसही वळकटी घेऊन उतरले आणि ड्रायव्हर म्हणाला की तासाभरात मी बाजारातनं आलोच.

पोपळ्यांनी फॉर्म वाचायला घेतला. शिडी परत केली का? केली. किल्ली? दिली. भांडण प्रलंबित आहे का? बलभीम म्हणाला, नाही. उसनवार निरंक?

"एक वाटी हाय," कौसल्या म्हणाली. "परवा अक्कांनी लोणचं दिलं होतं."

"ती द्या, म्हणजे मी निरंक लिहितो."

कौसल्या आत गेली. रिकामी वाटी कुणी परत देत नाही, त्यामुळे तिनं वाटीत शेंगांची चटणी भरली आणि महानंदाबाईंना आणून दिली. पोपळ्यांनी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात महानंदाबाई आत गेल्या आणि गव्हाच्या खिरीनं, म्हणजे हुग्गीनं भरलेली दुसरी वाटी घेऊन आल्या. चटणी आली म्हटल्यावर हुग्गी देणं आलंच. वाटी कौसल्याकडे गेली, आणि शेट्यांची एक वाटी पुन्हा रणशुरांच्या घरात झाली.

पोपळ्यांनी टोपण लावलं. "ही परत द्या."

कौसल्यानं हुग्गी पातेलीत काढून घेतली, वाटी धुतली, वाटीत दोन दाण्याचे लाडू ठेवले आणि परत दिली. महानंदाबाईंनी लाडू काढून घेतले आणि आमसुलाची चटणी दिली. कौसल्यानं ठेचा दिला. महानंदाबाईंनी खमंग काकडी दिली. दोघींपैकी कुणीही मुद्दाम करत नव्हतं. रोज जसं चालायचं तसंच चालू होतं, फक्त आज कुणीतरी ते बघत उभं होतं म्हणून वेगानं होत होतं एवढंच. सव्वाबारा वाजले. सबनिसांनाही लाडवातला अर्धा मिळाला.

"एकदाच वाटी रिकामी द्या," पोपळे म्हणाले. "एकदाच. मग माझं काम झालं."

"रिकामी?" महानंदाबाई म्हणाल्या.

"धुऊन. पुसून."

"आमच्यात देत नाहीत."

"आमच्यात बी नाही देत," कौसल्या म्हणाली.

"फ्रिजच्या वेळेला कसं झालं मग? खांडगे गेले तेव्हा?"

"मास्तर खाणावळीत जेवायचे," महानंदाबाई म्हणाल्या. "त्यांच्याकडं वाटी गेलीच नाही कधी."

पोपळ्यांनी फॉर्मच्या समासात काहीतरी टिपलं. अप्पांनी मान लांब करून पाहिलं. 'विलंबाचे कारण: पद्धत' असं लिहिलेलं होतं.

मग बलभीम उठला. इतका वेळ तो बॅगेवर बसून बायकांची ये-जा बघत होता. तो आत गेला. आतून नळाचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात वाटी होती, धुतलेली, पंच्याच्या टोकानं पुसलेली, रिकामी. तो अप्पांसमोर येऊन उभा राहिला.

"घ्या अप्पा. निरंक."

"बलभीम."

"चार जीबीवाल्यानं उगं लांबण कशाला लावायचं. घ्या."

कौसल्यानं पदर तोंडाला लावला. रिकामी वाटी पुढे केलेली गल्लीत कुणी पाहिली नव्हती, त्यामुळे समोरच्या घरातली बाई उंबऱ्यावर आली होती ती तशीच थबकली. पोपळ्यांनी पुन्हा टोपण काढलं. ओट्यावर लॅपटॉप उघडाच होता आणि पडद्यावर 'शेजारी आढळला नाही' हे तसंच होतं. अप्पांनी हात पुढे केला असता तर काम संपत होतं. यात्रा मंगळवारी होती आणि चौसष्ट चेहरे वाट बघत होते.

अप्पांनी वाटीकडे नीट पाहिलं. हातात न घेता, चष्मा वर करून.

"ही आमची नाही," ते म्हणाले.

"काय?" पोपळे म्हणाले.

"आमची नाही ही वाटी."

पोपळ्यांनी वाटी उलटी करून उजेडात धरली. तळाला नाव कोरलेलं होतं. "म. शि. शेटे, लग्नाची तारीख घातली आहे, चोवीस मे."

"शेटे पुष्कळ आहेत तालुक्यात."

"म. शि. सुद्धा?"

"असतील. आमची वाटी जड असते. ही हलकी आहे."

पस्तीस वर्षांत अप्पांनी स्वतःचा माल कधी नाकारला नव्हता. उलटे छापले गेलेले फ्लेक्ससुद्धा त्यांनी आपले म्हणून परत घेतले होते. महानंदाबाई वाटीकडे बघत होत्या. ती वाटी त्यांच्या माहेरच्या सेटमधली होती, सहापैकी तिसरी. त्या म्हणाल्या, "आमच्या वाटीला काठ असतो."

"हिला हाय की काठ," बलभीम म्हणाला.

"तो निराळा," अप्पा म्हणाले. "ठेव तू. ज्याची असेल तो येईल न्यायला."

पोपळ्यांनी परत दिलेली वाटी धरून बलभीम उभा राहिला. अप्पांनी नजर काढून घेतली नाही.

"आणि नाही आला तर?" बलभीमनं विचारलं.

"तर राहू दे तुझ्याकडंच. तुला कुठं जड होतीय."

बलभीमनं वाटी अंगरख्याच्या खिशात घातली. खिसा लहान होता, वाटी अर्धी बाहेर राहिली, पण त्यानं वरून हात ठेवला. मग तो वळला आणि एक बॅग उचलून आत नेऊन ठेवली. थोड्या वेळानं दुसरीही.

पोपळे फॉर्म चाळत होते. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत कलम सव्वीस होतं. उसनवारीच्या वस्तूच्या मालकीबद्दल वाद असल्यास जुना शेजारी वादाचा निकाल लागेपर्यंत जागेवर राहील. निकाल कुणी लावायचा हे कलमात नव्हतं. पोपळ्यांनी ते दोनदा वाचलं आणि 'वादग्रस्त वाटी, एक' अशी नोंद केली.

"मग माझं काय?" सबनिसांनी विचारलं. ते इतका वेळ वळकटीवर बसून होते. ड्रायव्हर बाजारातून आला नव्हता, आणि फोन केला तर म्हणाला की मी दुसरं भाडं घेऊन माढ्याला निघालो.

"तुमची जागा रिकामी झालेली नाही," पोपळे म्हणाले.

सबनिसांनी दोन घरांकडे पाहिलं, मग मधल्या बोळाकडे. पिशवीतून मोजपट्टी काढली, बोळाची रुंदी घेतली, लांबी घेतली. "लातूरला मी वॉशिंग मशीनसोबत होतो," ते मोजता मोजता म्हणाले, "तिथं जिन्याखाली बसवलं होतं. त्या मानानं हे प्रशस्त आहे. तीन फूट दोन इंच. सिटी सर्व्हेच्या नकाशात असे बोळ बहुधा कुणाच्याच नावावर नसतात."

कौसल्यानं आतून बाज दिली. ती आडवी बसेना, उभी बसली. महानंदाबाईंनी वर ताडपत्री म्हणून बांधायला जुना फ्लेक्स दिला, कुणाच्या तरी पन्नासाव्या वाढदिवसाचा. शिडी बोळाच्या तोंडाशी होतीच. सबनीस वळकटी सोडून बाजेवर बसले आणि त्यांनी वर्तमानपत्र मागितलं.

ओट्यावरच्या लॅपटॉपनं बारीक आवाज केला. अप्पांनी पडदा पाहिला. 'शेजारी आढळला. मेमरी सोळा जीबी.'

पोपळ्यांनी तेही लिहून घेतलं, चहा घेतला, आणि एसटी पकडायला गेले.

तेविसावा चेहरा त्याच दुपारी बसला. रविवारपर्यंत चौसष्टही बसले. सोमवारी फ्लेक्स छापून झाला, मंगळवारी वेशीवर लागला आणि यात्रेत कुणाची तक्रार आली नाही. बोळातले सबनीस पहाटे पाचला उठायचे, पेपर घडी घालून परत द्यायचे, आणि एकदा विरजण मागितल्यावर त्यांनी ते खरंच चमच्यानं मोजून दिलं. दुपारी दोन वाजता मात्र ते पेपर तोंडावर घेऊन पडून राहायचे, कारण बलभीमच्या क्लॅरिनेटचा आवाज चाळीस डेसिबलच्या बराच वर होता. त्याबद्दल हमीपत्रात काही नव्हतं.

पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं, बलभीमच्या नावानं. या खेपेला चष्मा त्याच्याकडे होता, पण तो वाचून घ्यायला अप्पांकडेच आला. पत्रात म्हटलं होतं की श्री. सबनीस हे बोळात बसवले गेल्यामुळे ते तांत्रिकदृष्ट्या श्री. रणशूर यांचेही नवे शेजारी ठरतात. नवा शेजारी लॅपटॉपविना देण्याची तरतूद नाही. सबब श्री. रणशूर यांस 'उत्तम' पॅकेजमधील लॅपटॉप देणे कंपनीस बंधनकारक असून तो नाकारता येणार नाही.

लॅपटॉप गुरुवारी आला. पोपळ्यांनी सही घेतली. बलभीमनं खोकं घरात नेऊन फळीवर, क्लॅरिनेटच्या पेटीशेजारी ठेवलं आणि मग ओट्यावर येऊन बसला.

"ते चालू कसं करायचं, दाखवा कधीतरी."

"आता लग्नसराई आहे," अप्पा म्हणाले. "पत्रिकांचं काम फार आहे. जूनमध्ये दाखवतो."

"दाखवा की निवांत," बलभीम म्हणाला. "मी काय, इथंच हाय." आणि दोन वाजत आले होते म्हणून तो उठून घरी गेला.